पळसकुंडच्या पाण्यात कोणी काय कालवलं?

सकाळी नळाला पाणी आलं नाही, की पळसकुंडात एकच नाव ऐकू यायचं. "जमीरले फोन लावा." "जमीरभाऊले बलावा, तो पाह्यते." आणि ते नाव कानावर पडलं, की रूपसिंग राठोडच्या तोंडातला चहा कडू व्हायचा.

पळसकुंड हे दिग्रसपासून तासाभरावरचं गाव. नाल्याच्या पलीकडे बंजाऱ्यांचा तांडा. गाव आणि तांडा मिळून एकच ग्रामपंचायत, एकच विहीर आणि शाळेमागे उभी असलेली एकच पाण्याची टाकी. रूपसिंग तांड्यातला. थोडीफार शेती आणि मोटरी दुरुस्त करण्याचं काम. पंधरा वर्षं आसपासच्या गावांत कुणाचीही मोटर बंद पडली, तरी लोक त्याच्याच दारात यायचे. "रूपसिंगच्या हाताले गुण हाये," हे वाक्य त्याला भाकरीइतकंच लागत असे.

मग जमीर आला. दिग्रसच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये यंत्रांवर काम केलेला, बोलायला मऊ. बायको गझाला आणि दोन मुलींना घेऊन तो गावात भाड्यानं राहू लागला. तीन वर्षांपूर्वी ऐन चैत्रात पंचायतीच्या विहिरीवरची मोटर बंद पडली. रूपसिंगनं दोन दिवस खटपट केली आणि शेवटी सांगितलं, "मोटर जळली. नवीन आना." बाया हंडे घेऊन रानोमाळ फिरू लागल्या. तिसऱ्या दिवशी जमीर आला. त्यानं मोटर चालू करायला लावली, स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मोटरीवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून ऐकलं. "जळली नाही. बेअरिंग गेलं," तो म्हणाला. तासाभरात टाकीत पाणी पडू लागलं.

बायांनी आनंदानं हंडे वाजवले. तो आवाज रूपसिंगच्या डोक्यात तीन वर्षं वाजत राहिला!

पंचायतीनं जमीरला पाणी सोडायच्या कामावर ठेवलं. अर्ज रूपसिंगचाही होता. पगार काही मोठा नव्हता. रूपसिंगला टोचायचा तो मान. जमीर सायकलवरून निघाला, की किती जण हात वर करतात, हे तो नकळत मोजायचा. लग्नात पंगतीला जमीरला कुठे बसवलं, हे बघायचा. एकदा त्याच्या घरचाच नळ गळत होता. बायको संगीता म्हणाली, "तुमी आठ दिवसांपासून करतो करतो म्हनून राह्यले. मी जमीरभाऊले बलावते."

"माह्या घरात त्याचा पाय नाही पडला पाह्यजे!" रूपसिंग ओरडला.

"काहून? त्यानं तुमचं काय खाल्लं?"

ज्यानं आपलं काहीच घेतलेलं नाही, त्याचाच माणसाला सर्वांत जास्त हेवा वाटतो. चोराला निदान चोर तरी म्हणता येतं.

यंदा श्रावणात आठवडाभर झड लागली. नाला दुथडी वाहू लागला आणि तांड्यातल्या चार घरांत एकाच दिवशी हगवण-उलट्या सुरू झाल्या. सकाळी पानठेल्यावर दहा-बारा जण जमले होते. असं एकदम काहून झालं, असं जो तो विचारत होता. रूपसिंग काथ-चुन्याच्या डब्यांकडे पाहत उभा होता. त्याच्या तोंडून वाक्य निघालं.

"मी काल जमीरले टाकीवर चढतानी पाह्यलं. बालटीत पांढरी पावडर होती. टाकीत ओतून राह्यला होता."

"कायची पावडर?" एकानं विचारलं.

"मले काय मालूम?" रूपसिंग म्हणाला. "त्याचं त्यालेच मालूम."

वाचकहो, जमीरला पावडर ओतताना पाहिल्याचं खरं होतं. 'मले काय मालूम' हे खोटं! ती पावडर म्हणजे पाणी शुद्ध करायची टीसीएल. पंचायतीच्या खोलीत तिची पोती असतात. रूपसिंगनं स्वतः दहा वेळा ती पाहिली होती, नाकाला झोंबणारा तिचा वास त्याला ओळखू येत होता. पण सगळ्यांचे डोळे आपल्याकडे वळलेत, तीन वर्षांनी गाव आपलं ऐकतंय, ही चव त्याच्या जिभेला लागली होती. त्यानं खरं काय ते सांगितलं नाही.

दुपारपर्यंत 'पावडर'चं 'औषध' झालं आणि औषधाचं विष. कुणीतरी कुठल्या तरी दूरच्या शहरातला जुना व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "हे लोक असंच करतात." सकाळी नाव एकट्या जमीरचं होतं. दुपारी त्याचे 'हे लोक' झाले! त्या 'लोकां'त जमीरच्या सात आणि नऊ वर्षांच्या मुलीही आल्या, हे कुणाच्या मनातही आलं नाही.

चारच्या सुमारास पन्नासेक माणसं जमीरच्या दारात उभी राहिली. छपराच्या टिनावर चार-पाच दगड पडले. जमीर आतून पोतं घेऊन बाहेर आला.

"भाऊ, हे पाह्या. पंचायतीची पावडर हाये. पाऊस लागला का जास्त टाका लागते. पोत्यावर लिह्यलं हाये."

"पोत्यावर काय लिह्यलं ते कायले पाह्याचं? अंदर काय हाये ते सांग!" गर्दीतून आवाज आला.

संशय एकदा घरात शिरला, की पुरावाही त्याचाच साथीदार ठरतो. सरपंच सुखीबाई धावत आल्या, दारात आडव्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पहिले माह्यावर दगड टाका!" गर्दी थबकली. पण संध्याकाळच्या बसनं जमीरनं बायकोमुलींना घेऊन दिग्रसला मेव्हण्याकडे जावं, असंच शेवटी ठरलं. जाताना त्यानं विहिरीच्या आणि टाकीच्या किल्ल्या सुखीबाईंच्या हातावर ठेवल्या. त्यांनी त्या रूपसिंगकडे दिल्या. मोटरीतलं कळणारा दुसरा होता कोण?

जमीर रूपसिंगजवळ थांबला. "भाऊ, पावडर टाकत जाजा. झड हाये," एवढंच म्हणाला आणि बसमध्ये चढला.

त्या दिवशी रूपसिंगला जेवण गोड लागलं. तीन वर्षं ज्यासाठी जीव जळत होता, ते हातात आलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं बादलीत पावडर कालवली आणि टाकीकडे निघाला. टाकीखाली पाच-सहा बाया उभ्या होत्या. त्यांच्या नजरा बादलीवर खिळल्या.

"रूपसिंगभाऊ, बालटीत काय हाये?"

काय सांगणार? पावडर म्हणावं, तर कालच ती विष ठरली होती. त्यानंच ठरवली होती!

"काही नाही. बालटी धुवाची होती," तो म्हणाला आणि सगळं गवतात ओतून दिलं.

त्यानंतरच्या दिवशीही त्यानं पावडर टाकली नाही. तिसऱ्या, चौथ्या दिवशीही नाही. उद्या कोणी नसताना टाकू, असं तो स्वतःला सांगत राहिला. आजारी घरं चारची एकोणीस झाली. गंमत बघा, जमीर गाव सोडून गेला होता, तरी लोक म्हणत होते, "त्यानं टाकलेलं इख अजून पायपात बसून हाये." आणि त्यातूनच एखादी म्हातारी हळूच म्हणे, "जमीर असता तं त्यानं पाह्यलं असतं बाप्पा." तेही रूपसिंगच्या कानावर यायचं. किल्ल्या त्याच्या कमरेला होत्या आणि मत्सर अजूनही तिथंच होता, तसाच!

पाचव्या दिवशी शेजारच्या उकंडाची आई रुपीबाई गेली. दिग्रसच्या वाटेवर, उकंडाच्या मांडीवर डोकं ठेवून. रूपसिंगच्या लग्नात बंजारा गाणी म्हणताना जिचा आवाज सगळ्यांच्या वर चढला होता, ती रुपीबाई. त्याच दुपारी रूपसिंगची आई मानीबाई हिलाही उलट्या सुरू झाल्या. तिला दिग्रसच्या दवाखान्यात भरती केलं, सलाईन लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धरमसिंग गुरुजी भावजयीला भेटायला आले. रूपसिंगचे ते चुलते, शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवून निवृत्त झालेले. महिनाभर लेकीकडे पुसदला होते. बातमी कळताच ते काल गावात परतले होते. मानीबाईच्या खाटेशेजारी खिडकीखाली दोघं बसले. वॉर्डात पळसकुंडचीच माणसं होती.

"आरोग्यवाल्या बाईनं काल नळाचं पानी तपासलं," गुरुजी म्हणाले. "औषधाचे थेंब टाकल्यावर पानी पिवळं व्हाले पाह्यजे होतं. नाही झालं. म्हंजे पान्यात पावडरच नाही. तू टाकत नोहता?"

रूपसिंगनं विषय टाळला. "काका, हे सगळं त्या जमीरनं केलं. लोक म्हनते—"

"लोक म्हनते!" गुरुजींनी चष्मा काढला. "मी पोरांले यहुद्यांचा, म्हंजे ज्यू लोकायचा, धडा शिकवो, तवा पोरं बी विचारत, गुरुजी, इतके लोक एकदम खोटं कसे बोलले? पावणेसातशे वर्षं झाली, रूपसिंग. युरोपात प्लेग आला. दर तिघांतला एक मानूस मेला. उंदरावरच्या पिसवांनं रोग पसरते, हे कोनालेच मालूम नोहतं. भेलेल्या मानसाले कारन नाही, नाव पाह्यजे असते. कोनीतरी बोललं, यहुद्यांनं विहिरीत इख टाकलं."

"मंग? टाकलं होतं?"

"त्यायची लेकरं बी प्लेगानंच मरत होती! ख्रिस्ती लोकायच्या मोठ्या धर्मगुरूनं, पोपनं, लिहून कळवलं, का अरे, हे लोक बी मरून राह्यले, ते इख कायले टाकतीन? कोन ऐकते? गावंच्या गावं जाळली. बाया-लेकरांसकट."

"पन त्यायच्याच वर काहून?" रूपसिंगनं विचारलं. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला.

"कारन बोट आधीपासूनच तिकडे वळलेलं होतं. आमच्या येशूले यायनंच मारलं, असा ठपका शेकडो वर्षं पिढ्यान् पिढ्या ठेवलेला. येशू सोता यहुदीच होता, हे सोयीनं इसरले. बरं, कित्येक ठिकानी यहुद्यांले शेती घेऊ देत नोहते, कारागिरांच्या मंडळीत बसू देत नोहते. मंग जो धंदा उरला तो त्यायनं केला. त्यात कोनी हुशारीनं वर आला, का शेजाऱ्याच्या पोटात दुखे. वरतून धर्माचा राग, आत जळफळाट. प्लेगानं फक्त काडी लावली. आन् तीच सवय वाढत वाढत आपल्या आजांच्या काळात जर्मनीत साठ लाख यहुद्यांच्या जिवावर उठली."

गुरुजी पुढे म्हणाले, "आपल्या कोकनातबी यहुदी होते. शेकडो वर्षं तेल गाळत. शनिवारी घाना बंद, म्हनून गाव त्यायले शनवार तेली म्हने. चांगले नांदले. सांग, मंग दोष यहुद्यात होता, का बोट दाखवनाऱ्यात?"

"ते तिकडचं झालं काका. आपला काय संबंध?"

"आपला संबंध नाही?" गुरुजींचा आवाज चढला. शेजारच्या खाटांवरची माणसं वळून बघू लागली. "तुह्या पोरीच्या जातीच्या दाखल्यावर काय लिह्यलं हाये?"

"विमुक्त जाती."

"विमुक्त! कायच्यातून विमुक्त? कधी इचारलं? इंग्रजांनं कायदा केला होता, का काही जमाती जन्मताच गुन्हेगार. मुलखात कित्येक ठिकानी आपल्या लोकायचं नाव त्याच्यात घातलं. पोटातलं लेकरू बी गुन्हेगार! कुठं चोरी झाली, का पयले तांड्यावर शिपाई. माह्या आज्यानं बैल इकत घेतला, तं त्याले तीन दिवस बांधून ठेवलं होतं. लमान्याजवळ येवढा चांगला बैल आला कुठून, म्हने. 'हे लोक असेच असते,' हे वाक्य आपन ऐकलं हाये रूपसिंग. आता आपनच ते दुसऱ्याले ऐकवाचं?"

मग गुरुजी हळू आवाजात म्हणाले, "मी पोरांले एक गोष्ट सांगो. गाव एकाकडे बोट दाखवते, तवा तीन गोष्टी इचारा. सोताच्या डोळ्यानं कोनी काय पाह्यलं? एकाचं नाव सोडून 'ते लोक' कधी सुरू झालं? आन् तो गेल्यावर त्याच्या जागी कोन बसलं?"

रूपसिंगच्या कमरेला टाकीच्या किल्ल्या होत्या. गुरुजींनी तिकडे पाहिलंही नाही. पाहायची गरज नव्हती.

"मले मालूम होतं!" रूपसिंगच्या तोंडून एकदम फुटलं. "काका, मले मालूम होतं ती टीसीएल हाये! पानठेल्यावर मीच बोललो. त्याच्या नावानं मले झोप लागत नोहती. आन् किल्ल्या भेटल्यावर मीच पावडर टाकली नाही. लोक इचारतीन म्हनून. रुपीबाई... काका, रुपीबाईले म्या मारलं!"

खाटेवर हालचाल झाली. मानीबाई जागी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "याडी," त्यानं आईला हाक मारली. मानीबाईनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

चाळीस वर्षांत तिनं असं कधी केलं नव्हतं.

रूपसिंग तसाच उठला आणि जमीरच्या मेव्हण्याच्या गॅरेजवर गेला. जमीर एका ट्रॅक्टरखाली होता. तो बाहेर आला, हात पुसले, उभ्या उभ्या सगळं ऐकून घेतलं. रागानं त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"माही छोटी अजूनबी टिनावर कावळा बसला तं खाटेखाली घुसते," तो म्हणाला. "माफी कोनाले मागतं तू? मले का तिले?"

गझाला मागच्या दारात उभी होती. तिनं डोक्यावरची ओढणी सारखी केली. "माफी मले नको," ती म्हणाली. "झूट ज्या ज्या घरात गेलं, तिथं तिथं जाऊन सच सांगा. तुमच्याच तोंडानं. इथं कोपऱ्यात सांगून काय फायदा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत ग्रामसभा बसली. सुखीबाईंच्या विनंतीवरून जमीरही आला होता. गावातला पाइप कुठून कसा गेला, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? रूपसिंग उभा राहिला. त्यानं काहीही लपवलं नाही. पावडर, पानठेला, गवतात ओतलेली बादली, सगळं सांगितलं. किल्ल्या टेबलावर ठेवल्या.

उकंडा झेपावला आणि त्यानं रूपसिंगची गचांडी धरली. "माही माय खाल्ली बे तू!"

"बांधा याले!" कुणीतरी ओरडलं. "यानंच सारा गाव नासवला!" आठवड्यापूर्वी जमीरच्या दारात गेलेलीच माणसं बाह्या सरसावून पुढे आली. तेच चेहरे, तोच आवाज. फक्त नाव बदललं होतं!

जमीर मध्ये उभा राहिला.

"थांबा!" तो ओरडला. मऊ बोलणाऱ्या जमीरचा असा आवाज गावानं पहिल्यांदाच ऐकला. "याले मारल्यानं पानी साफ होते काय? याचा गुन्हा याच्याजवळ. त्याले सजा द्याची तं पंचायत हाये, पोलीस हाये. पन उल्ट्या पयले सुरू झाल्या, तवा किल्ल्या माह्याजवळ होत्या आन् पावडर पडत होती. मंग घान आली कुठून? चाला माह्यासंग."

सगळी सभा त्याच्यामागून नाल्यावर गेली. पाऊस उघडला होता. जमीरनं गाळात हात घातला आणि मुख्य पाइप वर दिसू लागला. त्याला तेरा ठिकाणी भोकं पाडून चोरून नळ घेतलेले होते. जोडावर सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळलेल्या. मोटर बंद झाली, की नाल्याची घाण त्यातून आत ओढली जात होती.

"मी तीन डाव पंचायतीत लिहून देल्लं," जमीर म्हणाला. "कोनी वाचलं?"

सुखीबाईंनी मान खाली घातली. जमीरनं एकेक नळ धरून विचारलं, "हा कोनाचा? हा कोनाचा?" शेवटी उकंडाच पुढे आला. त्याचे डोळे लाल होते. "हा... माह्या घरचा," तो म्हणाला आणि तिथंच चिखलात बसला. मग एक हात वर झाला, मग दुसरा. तेराही घरांची नावं निघाली. दगड मारणारे चार जण त्यातलेच होते.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी मिळून ते नळ तोडले. टाकीत पावडर पडली ती शंभर माणसांसमोर, पोतं वाचून दाखवून. आठवडाभरात नवे रोगी यायचे थांबले.

रूपसिंगवर काय कारवाई व्हायची ती झाली. पंचायतीचं काम त्याला पुन्हा मिळणार नाही, हे त्यानंही मान्य केलं. पण गझालाचं बोलणं त्याच्या मनातून जाईना. तो घरोघर निघाला. तांड्यातली साठ घरं, गावातली दोनशेच्या वर. प्रत्येक दारात उभं राहून एकच सांगायचा, "जमीरनं पान्यात इख टाकलं, हे मी पसरवलं. ते खोटं होतं. मले मालूम होतं तरी बोललो, कारन मी त्याच्यावर जळत होतो." काहींनी दार लावून घेतलं. काहींनी पाणी दिलं. एक म्हातारा म्हणाला, "जाऊ दे ना, झालं गेलं." रूपसिंग म्हणाला, "नाही बाबा. खोटं घरोघर गेलं, तवा कोनी जाऊ देल्लं नाही."

उकंडाच्या दारात तो तीन वेळा गेला. तिसऱ्या वेळी उकंडानं ऐकून घेतलं.

जमीर महिनाभरानं परतला. मुलींची शाळा इथंच होती. गझाला अजून तांड्यातल्या कुणाकडे चहा घेत नाही, आणि तिला त्याबद्दल कुणी बोल लावू नये. दगड मारायला एक क्षण पुरतो. तो विसरायला किती वर्षं लागतील, हे ज्याला लागला त्यानंच ठरवायचं असतं.

आणि रूपसिंग? परवा गुरुजींनी त्याला विचारलं, "आता नाही ना जळत?"

"जळतो काका," तो म्हणाला. "कालच कोनीतरी म्हनलं, जमीरसारखा मिस्त्री नाही. आत लागलंच. पन आता मले समजते, हे माह्या पोटातलं हाये, त्याच्या बालटीतलं नाही."

बंधू-भगिनींनो, रोग, टंचाई, बेकारी, संकटं येतच राहणार. प्रत्येक संकटात कुणीतरी आपल्या कानाशी लागून एक नाव सांगेल, आणि लगेच त्या नावाच्या मागे एक अख्खा समाज उभा करेल. बळीचा बकरा कापल्यानं आजवर कुठलाच प्लेग थांबलेला नाही. उलट खरं कारण तेवढा वेळ सुखरूप लपून राहतं आणि माणसं मरत राहतात. ज्याचा गुन्हा असेल त्याला शासन व्हावं, त्याच्या एकट्याला आणि पुराव्यानिशी. पण दुसऱ्याकडे बोट दाखवायच्या आधी आपल्या मनातला मत्सर एकदा उजेडात धरून पाहावा. युरोपातल्या विहिरींत विष नव्हतं, पळसकुंडच्या टाकीतही नव्हतं. ते माणसांच्या बोलण्यात होतं, आणि बोलणं शुद्ध करायची पावडर कुठल्याच पंचायतीत मिळत नाही. ती ज्याची त्यानंच आपल्या जिभेवर ठेवायची असते!